कामगारनेत्या ते शिक्षिका : एम्मा तेनायुका

आपल्या स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीबरोबर एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्रही असावे, असा आमचा आग्रह असतो. महात्मा फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज आणि बाबासाहेब यांची चरित्रे आपल्या घराघरांत पोहोचली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना ती मुखोद्गत आहेत. या वेळी मात्र आम्ही वाचकांना दूर देशातील एका स्त्रीची ओळख करून देणार आहोत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सान अँटोनियो नावाचे शहर आहे. तेथील मेक्सिकन वंशाच्या मजुरांची नेत्या म्हणून वयाच्या एकविसाव्या वर्षी साऱ्या देशाला ठाऊक झालेली, त्यानंतर आपल्याच शहराने हद्दपार केल्यासारखी वागवलेली आणि अखेर त्याच शहरात शाळेची बाई म्हणून निवृत्त झालेली ही स्त्री म्हणजे एम्मा तेनायुका. आमच्या पालकांपैकी अनेकांनी विड्या वळल्या, ऊस तोडला, गिरण्यांतून पाळ्या केल्या. त्यांना ही कहाणी परकी वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

प्रथम त्या शहराविषयी थोडे सांगितले पाहिजे. टेक्सास हा प्रदेश १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता आणि १८४५ मध्ये तो अमेरिकेत सामील झाला. त्यामुळे तेथील अनेक स्पॅनिश भाषक कुटुंबे कोठूनही आलेली नव्हती. ती जेथल्या तेथेच होती, सरहद्द मात्र त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली होती. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला आणि जीव वाचवण्यासाठी आणखी हजारो कुटुंबे उत्तरेकडे आली. सान अँटोनियोच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश लोक मेक्सिकन वंशाचे झाले. त्यांची वस्ती शहराच्या पश्चिम भागात. तेथे लाकडी फळ्यांच्या झोपड्या, कच्चे रस्ते, सार्वजनिक नळ आणि उघडे संडास होते. क्षयरोगाचे थैमान तर असे, की १९३० च्या दशकात क्षयाने होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत हे शहर देशातील सर्वांत वाईट शहरांपैकी एक गणले जाई. शाळेत मुलाने स्पॅनिश शब्द उच्चारला तर शिक्षा होई. अनेक उपाहारगृहांच्या आणि तरणतलावांच्या दारावर त्यांना मज्जाव होता. दार कोणासाठी बंद असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही.

अशा शहरात २१ डिसेंबर १९१६ रोजी एम्माचा जन्म झाला. अकरा भावंडांचे ते मोठे कुटुंब होते. घरची ओढगस्त असल्यामुळे एम्माचे बरेचसे बालपण आजोळी गेले. आईचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासमध्येच राहणारे होते, तर वडील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे आदिवासी वंशाचे होते आणि या वारशाचा एम्माला आयुष्यभर अभिमान वाटला. आजोबांना राजकारणाची आवड होती. रविवारी ते नातीला बोटाशी धरून शहरातल्या गवतबाजाराच्या चौकात नेत. तेथे शेतमजुरांना कामावर नेणारे मुकादम येत, क्रांतीच्या बातम्या येत, कोणी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी आणि निरक्षर माणसे भोवती कोंडाळे करून ऐकत. एखादा वक्ता बाकावर उभा राहून मजुरीविषयी बोले. हंगामाची मजुरी बुडालेली कुटुंबे आपली कैफियत तेथेच सांगत. अन्याय म्हणजे काय, हे एम्मा पुस्तकाआधी त्या चौकात शिकली.

पुढे ती ब्रॅकनरिज हायस्कूलमध्ये शिकली. हुशार, वाचनाची अफाट भूक असलेली आणि वादविवादात पटाईत अशी तिची ख्याती होती. तो महामंदीचा काळ होता. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते. मेक्सिकन वंशाच्या लाखो माणसांना आगगाड्यांत बसवून सीमेपलीकडे पाठवले जात होते आणि त्यांतली कित्येक अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे कायद्याने त्याच देशाची नागरिक होती. १९३३ मध्ये फिंक सिगार कारखान्यातील स्त्रियांनी संप केला. तंबाखूची पाने वळणाऱ्या त्या बायांच्या बाजूने उभे राहण्यासाठी सोळा वर्षांची ही शाळकरी मुलगी निदर्शकांच्या रांगेत गेली. पोलिसांनी इतरांबरोबर तिलाही अटक केली. तिने स्वतः त्या कारखान्यात कधी काम केले नव्हते. तिच्या मजुरीचा तेथे प्रश्न नव्हता. पण बायांना पोलीस कसे वागवतात हे तिने डोळ्यांनी पाहिले आणि तिच्या आयुष्याची दिशा ठरली.

१९३४ मध्ये शालान्त शिक्षण संपवून एम्मा कामाला लागल्या. शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या युनियनच्या शाखा उभारण्यास त्यांनी मदत केली. परंतु बाहेरून आलेल्या गोऱ्या संघटकांना मेक्सिकन बायांची भाषाही येत नव्हती आणि त्यांच्याविषयी फारशी आस्थाही नव्हती, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी बेकारांच्या संघटनेकडे मोर्चा वळवला. त्या काळी अमेरिकन सरकारने बेकारांना काम देण्याची मोठी योजना सुरू केली होती. आपल्याकडील रोजगार हमीसारखीच ती होती, असे म्हणता येईल. पण सान अँटोनियोत या कामांवर मेक्सिकन वंशाच्या माणसांना डावलले जाई. एम्मा रोज अर्ज लिहीत, कचेऱ्यांचे उंबरे झिजवत, नाव कापलेल्या माणसाला घेऊन अधिकाऱ्यापुढे उभ्या राहत. इंग्रजी न येणाऱ्या माणसाची जीभ त्या झाल्या. वर्कर्स अलायन्स नावाच्या या संघटनेचे शहरात हजारो सभासद झाले आणि १९३७ मध्ये एम्मा तिच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडल्या गेल्या. त्याच वर्षी कामावरून कमी केल्याच्या निषेधार्थ त्यांनी योजनेच्या कचेरीत ठिय्या दिला आणि त्यांना पुन्हा अटक झाली. त्याच वर्षी त्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाल्या आणि पक्षाचे टेक्सासमधील पुढारी होमर ब्रुक्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आता त्यांच्या जीवनातील मुख्य प्रसंगाकडे वळू. पेकान हे अक्रोडाच्या जातीचे फळ. टेक्सासात त्याची झाडे विपुल आणि सान अँटोनियो ही या धंद्याची राजधानी. शहरात सुमारे चारशे छोटे-मोठे कारखाने होते. कारखाने कसले, कोंदट खोल्याच त्या. लांब टेबलांभोवती बाकांवर बाया, पुरुष आणि मुले दाटीवाटीने बसत आणि कवच फोडून गर काढत. हवा खेळायला खिडकी नाही, हात धुवायला पाणी नाही, बहुतेक ठिकाणी संडास नाही. कवचाची बारीक तपकिरी धूळ छातीत साठत राही. या धंद्यात पूर्वी यंत्रे आली होती. पण यंत्रापेक्षा मेक्सिकन बाईचे हात स्वस्त पडतात, असा हिशेब करून मालकांनी यंत्रे बाजूला ठेवली आणि काम पुन्हा हातांवर आणले. मजुरी वजनावर मिळे. गराच्या तुकड्यांना पौंडामागे ६ सेंट आणि अखंड अर्ध्या गरांना ७ सेंट. दिवसभर राबून आठवड्याची कमाई दोन-तीन डॉलर होई. सरकारच्याच एका पाहणीनुसार या कामगारांच्या कुटुंबाचे वर्षाचे सरासरी उत्पन्न २५१ डॉलर होते आणि तेही घरातील अनेकांच्या हातांचे मिळून.

या दोन-तीन डॉलरांचा संबंध मताधिकाराशी कसा होता, हे येथे सांगणे अवश्य आहे. टेक्सासमध्ये १९०२ पासून मतदानासाठी कर भरावा लागे. त्याला पोल टॅक्स म्हणत. वर्षाला दीड ते पावणेदोन डॉलर भरून पावती घेतली, तरच मत देता येई. म्हणजे पेकान फोडणाऱ्या बाईने आपल्या आठवड्याच्या कमाईतील अर्ध्याहून अधिक रक्कम मोजावी, तेव्हा तिला नागरिक म्हणून मत मिळावे. आपल्या देशातही १९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती आणि भूमिहीनाला मत नव्हते, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. ज्याला कर परवडत नाही त्याचा कर शहरातले पुढारी भरत आणि मग ते मत पुढाऱ्याच्या मालकीचे होई. पश्चिम भागात नळ आणि गटारे का येत नाहीत, पोलीस कोणाचे ऐकतात, याचे उत्तर या पावत्यांत दडलेले होते. कर भरण्याची अखेरची तारीख दरवर्षी ३१ जानेवारी असे.

१९३८ च्या जानेवारीअखेर मालकांनी मजुरी आणखी एका सेंटने कमी केली. सहाचे पाच झाले, साताचे सहा झाले. ३१ जानेवारी रोजी, म्हणजे पोल टॅक्सची मुदत संपत होती त्याच दिवशी, हजारो कामगार टेबले सोडून रस्त्यावर आले. पुढील काही दिवसांत ही संख्या बारा हजारांच्या घरात गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांनी एकमुखाने एम्मा यांना आपले पुढारी निवडले. एम्मा यांना एकविसावे वर्ष पूर्ण होऊन, म्हणजे मतदानाचे वय गाठून, जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्या उंचीने लहान आणि अंगाने सडपातळ होत्या. पण चौकात उभ्या राहून स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या की हजारोंचा जमाव नि:शब्द होई, असे त्या वेळच्या वार्ताहरांनी लिहून ठेवले आहे.

सरकारी यंत्रणेने हा संप दंगा म्हणूनच हाताळला. पोलीसप्रमुख ओवेन किल्डे यांनी हा संप नसून कम्युनिस्टांचे बंड आहे, असे ठरवले आणि शांतपणे उभ्या असलेल्या निदर्शकांवर अश्रुधूर व लाठ्या चालवल्या. हातात फलक धरण्याबाबतचा जुना नगरनियम उकरून काढून अटका केल्या. सुमारे हजार माणसे पकडली गेली. पोरासोरांसह बाया कोंडल्या गेल्या, कोठड्यांत उभे राहायला जागा उरली नाही. तेथे कैद्यांनी आवाज चढवला तेव्हा त्यांच्यावर बंबाचे पाणी सोडण्यात आले. संपकऱ्यांसाठी चालवलेले अन्नछत्रही पोलिसांनी बंद पाडले. पुढे राज्य सरकारच्या चौकशीत पोलिसांची ही कारवाई असमर्थनीय ठरवली गेली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

आम्हांला अधिक खेदाची वाटते ती दुसरी गोष्ट. शहराच्या चर्चमधील वरिष्ठांनी संपकऱ्यांना साथ दिली नाही. मेक्सिकन समाजातीलच सुस्थित व्यापारी आणि वकील मंडळींच्या संस्थाही दूर राहिल्या. कम्युनिस्ट बाईच्या मागे गेलो तर आपल्या समाजाच्या देशनिष्ठेवर संशय घेतला जाईल, ही त्यांची भीती होती. ही भीती अगदी निराधार होती असे नाही, कारण माणसे देशाबाहेर घालवली जातच होती. तथापि ज्यांच्या छातीत धूळ साठत होती त्यांना थांबायला वेळ नव्हता. समाजातला शिकलेला वर्ग अशा वेळी कोठे उभा राहतो, हा प्रश्न आपल्याही समाजाला नवा नाही.

संप आकाराला येताच राष्ट्रीय युनियनचे पुढारी शहरात आले. एम्मा यांच्या पक्षामुळे संपाला बट्टा लागतो, म्हणून त्यांनी अधिकृत नेतृत्व त्यांच्या हातून काढून घेतले. आपण उभ्या केलेल्या लढ्यात आपल्यालाच मागे सारले गेले, तर माणूस रुसतो, वेगळी चूल मांडतो. एम्मा यांनी तसे केले नाही. त्या पडद्याआड राहून पत्रके लिहीत राहिल्या, सभांची आखणी करत राहिल्या आणि बाया त्यांनाच आपली नेत्या मानत राहिल्या. आमच्या मते त्यांच्या चारित्र्याची खरी कसोटी तुरुंगात लागली नाही, ती येथे लागली.

मार्च महिन्यात दोन्ही बाजूंनी लवाद मान्य केला. मजुरीतील कपात अंशतः मागे घेतली गेली आणि कामगारांच्या युनियनला मान्यता मिळाली. हा विजय होता. मात्र तो फार काळ टिकला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्याच वर्षी अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला आणि ऑक्टोबरपासून ताशी २५ सेंट वेतन देणे बंधनकारक ठरले. हे वेतन देण्याऐवजी मालकांनी बाजूला ठेवलेली यंत्रे पुन्हा आणली. पुढील काही वर्षांत सुमारे दहा हजार हात रिकामे झाले. कायदा चांगला होता, पण त्याच्या जोडीला दुसरे काम आणि शिक्षण आले नाही, म्हणून त्याची झळ गरिबालाच बसली.

हा अनुभव घेत असतानाच एम्मा यांनी लेखणी हाती घेतली. १९३९ मध्ये पतीच्या सहकार्याने त्यांनी नैर्ऋत्य अमेरिकेतील मेक्सिकन जनतेच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. ही माणसे परकी नाहीत, वेगळे राष्ट्रही नाहीत, ती अमेरिकन जनतेचाच भाग आहेत, म्हणून त्यांना समान मजुरी, समान शिक्षण, आपली भाषा आणि राजकीय हक्क मिळाले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. संपातल्या मागण्यांना या लेखनाने हक्कांचे अधिष्ठान दिले. त्यांच्या समाजाविषयी पुढे जे विद्वत्तापूर्ण लेखन झाले, त्याच्या आरंभीच्या पायऱ्यांत या निबंधाची गणना होते.

दरम्यान मतपेटीतही काही हालचाल झाली. कामगारांची बाजू घेणारे खासदार मॉरी मॅव्हरिक १९३८ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक हरले. त्यांना हरवणारे पॉल किल्डे हे त्याच पोलीसप्रमुखाचे बंधू होते. परंतु पुढील वर्षी मॅव्हरिक सान अँटोनियोचे महापौर म्हणून निवडून आले आणि त्यात पश्चिम भागातील मतांचाही हातभार होता. नव्या महापौरांनी भाषणस्वातंत्र्याच्या तत्त्वाला जागून एम्मा यांच्या पक्षाला नगर सभागृहात सभा घेण्याची परवानगी दिली. सभेची तारीख होती २५ ऑगस्ट १९३९. दोनच दिवसांपूर्वी सोव्हिएत रशियाने हिटलरशी करार केला होता आणि लोकांच्या मनात संताप होता. सभागृहात शंभर-दीडशे माणसे आणि बाहेर हजारोंचा खवळलेला जमाव. दगडांचा वर्षाव झाला, खिडक्या फुटल्या, दारे मोडली. पोलिसांनी एम्मा यांना कसेबसे मागच्या वाटेने बाहेर काढले. एका तेवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीचे भाषण होऊ नये म्हणून हजारो माणसे जमली होती.

त्या रात्रीनंतर त्यांचे सार्वजनिक जीवन जवळजवळ संपले. धमक्या येऊ लागल्या, सान अँटोनियोत त्यांना कोणी नोकरी देईना. १९४१ मध्ये विवाह संपुष्टात आला. ज्या पक्षासाठी त्यांनी इतके सोसले, त्या पक्षाविषयीही भ्रमनिरास झाला आणि १९४६ मध्ये त्यांनी तो सोडला. अखेर शहर सोडून त्या कॅलिफोर्नियातील सान फ्रान्सिस्कोला गेल्या. तिशी उलटल्यावर महाविद्यालयात नाव घातले आणि १९५२ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. सभा नाहीत, मिरवणुका नाहीत, वर्तमानपत्रात नाव नाही, अशी ती सारी वर्षे गेली. त्या वर्षांविषयी चरित्रकार फार लिहीत नाहीत. आम्हांला मात्र ती वर्षे मोलाची वाटतात, कारण पराभवानंतर माणूस काय करतो हे तेथे दिसते. एम्मा यांनी हाती पुस्तक घेतले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या आपल्या शहरात परतल्या. आपल्याला आता कोणी ओळखणार नाही, अशी त्यांची समजूत होती. पण नव्या पिढीतील तरुण-तरुणी त्यांना शोधत आले. १९३८ च्या बायांच्या नातवंडांना तो लढा ऐकायचा होता. एम्मा यांनी सान अँटोनियोच्या शाळांत शिकवायला सुरुवात केली, १९७४ मध्ये शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि १९८२ पर्यंत त्या शिकवत राहिल्या. ज्या शहरात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, त्याच शहरात आता दोन्ही भाषा जाणणारी शिक्षिका त्या मुलांसमोर उभी होती.

याच काळात मताधिकाराचे कुलूपही हळूहळू निघाले. १९६४ च्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतील पोल टॅक्स रद्द झाला, १९६६ मध्ये न्यायालयाने टेक्सासच्या राज्य निवडणुकांतूनही तो काढला. १९७५ मध्ये मतदान हक्काच्या कायद्याचे संरक्षण स्पॅनिश भाषक मतदारांपर्यंत पोहोचले आणि मतपत्रिका दोन भाषांत छापल्या जाऊ लागल्या. त्याच्या आदल्या वर्षी सान अँटोनियोतच विली वेलास्केझ या कार्यकर्त्याने मतदार नोंदणीची मोठी मोहीम सुरू केली. त्यांची उमेदवारीही शेतमजुरांच्या संपातच झाली होती. १९७७ मध्ये नगरपालिकेची निवडणूक प्रभागवार होऊ लागली आणि पश्चिम भागाला स्वतःचे प्रतिनिधी मिळाले. १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. मेक्सिकन वंशाचा माणूस त्या पदावर सुमारे १४० वर्षांनी बसत होता. यातले काहीही एम्मा यांनी एकट्यांनी घडवले नाही. परंतु मजुरी मागणारा माणूस एक दिवस मतही मागणार, ही वाट त्या रस्त्यावरच्या बायांनी आधी तुडवली होती.

१९९१ मध्ये शहराने त्यांचा गौरव केला. अखेरच्या वर्षांत विस्मृतीच्या आजाराने त्यांना ग्रासले. ज्यांची आठवण हजारोंनी जपली, त्यांची स्वतःची स्मृती मात्र गेली. २३ जुलै १९९९ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज तेथील मुलांसाठी त्यांच्या जीवनावर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत एक चित्रपुस्तकही उपलब्ध आहे.

एम्मा यांचे सर्वच निर्णय योग्य होते, असा आमचा दावा नाही. पक्षावर त्यांनी ठेवलेला विश्वास पुढे त्यांनाच महाग पडला आणि त्यांच्या विरोधकांना आयते हत्यार मिळाले. बाबासाहेबांनीही याच १९३८ साली मुंबईत कामगारांचा संप कम्युनिस्टांच्या साथीने केला, पण आपली संघटना आणि आपला विचार स्वतंत्र राखला, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तरीही एम्मा यांच्या जीवनातून जे उरते ते मोठे आहे. ज्या कारखान्यात आपण राबत नाही तेथील बायांसाठी त्या उभ्या राहिल्या. पद गेले तरी काम सोडले नाही. आणि सर्व वाटा बंद झाल्या तेव्हा त्यांनी शिक्षणाची वाट धरली.

आमच्या वसतिगृहात आलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या मागे कोणाच्या तरी हातांची मजुरी आहे. सुट्टीत घरी गेल्यावर त्या हातांकडे एकदा नीट पाहावे आणि अठरा वर्षे पूर्ण होताच मतदार यादीत आपले नाव नोंदवावे. त्यासाठी आज आपल्याला एक पैसाही मोजावा लागत नाही, पण तो हक्क फुकट मिळालेला नाही. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की आपल्या वस्तीतील ज्यांचे नाव यादीतून सुटले आहे त्यांचा अर्ज भरून द्यावा. एम्मा तेनायुका यांनी आपल्या कामाची सुरुवात अशाच अर्जांपासून केली होती.